वीस पटाच्या खाली

जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत भिंतीवर किंवा फळ्याच्या कडेला पटाचा तक्ता असतो. इयत्तावार मुले, मुली, एकूण. पुढच्या रकान्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग. अलीकडे त्याच्या शेजारी दुसरा तक्ता लागतो. वाचनात कोणते मूल कोणत्या स्तरावर, वजाबाकी कोणाला येते, भागाकारावर कोण अडले आहे. पहिला तक्ता शाळेत कोण येते ते सांगतो, दुसरा आलेली मुले काय शिकली ते. लहान गावांतल्या सरकारी शाळांविषयी गेली पंधरा वर्षे चाललेला वाद वरवर ‘शाळा बंद करायच्या की चालू ठेवायच्या’ असा दिसतो आणि वर्तमानपत्रांतून तसाच लढला जातो. या दोन तक्त्यांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा, हा प्रश्न मात्र त्या वादाच्या तळाशी आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोलले गेले आहे.

वादाला आजचे रूप आले ते २०२३ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने ‘समूह शाळां’चे, म्हणजे जवळजवळच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. तेव्हा पुढे आलेल्या आकडेवारीनुसार राज्यात १ ते २० पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी होते आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले येतात आणि शिक्षकामागे सहा. एकाला यात उधळपट्टी दिसली. दुसऱ्याला डोंगरकपारीपर्यंत पोचलेला हक्क दिसला. आकडे दोघांचेही तेच होते.

शाळा वाडीवर कशी पोचली

या शाळा चुकून किंवा कोणाच्या हौसेखातर निघालेल्या नाहीत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हापासून ‘गाव तिथे शाळा’ ही इकडच्या सार्वजनिक जीवनातली एक कसोटीच झाली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढच्या काळात गावाची शाळा झाली, मग मोठ्या वाडीची, मग पाड्याची. एका शिक्षकावर चार वर्ग चालतात हे दुखणे जुनेच होते. त्यावर उपाय म्हणून १९८७ मध्ये केंद्राने ‘खडू-फळा मोहीम’ आणली. किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक ही अपेक्षा तिथून रुजली. २००० नंतर महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या. जिथे नियमित शाळा परवडत नव्हती तिथे गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलीला निमशिक्षक नेमून वर्ग सुरू झाले, आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ शाळांना नियमित प्राथमिक शाळांचा दर्जा मिळाला. आजच्या कमी पटाच्या शाळांतल्या कित्येकींचे मूळ इथे आहे. म्हणजे त्या पहिल्यापासूनच लहान होत्या. ‘ओस पडल्या’ हे वर्णन सगळ्यांना लागू पडत नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि राज्याच्या २०११ च्या नियमांनी अंतर ठरवून दिले: प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. राज्याच्या त्याच नियमांत वीसचा आकडा आला. परिसरात सहा ते अकरा वयोगटातली किमान वीस मुले असतील तर शाळा द्यावी, असा त्याचा आशय होता. नवी शाळा उघडण्यासाठी घातलेली ही अट प्रशासनाच्या बोलण्यात हळूहळू जुनी शाळा चालू ठेवण्याची अट होऊन बसली. कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत ते एकच समजले जातात.

मधल्या काळात राज्याने पट या शब्दाचा दुसरा चेहराही पाहिला. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत सुमारे वीस लाख विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचे उघड झाले. तेव्हा भीती फुगवलेल्या पटाची होती. सहा वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला आणि भीती खऱ्या पटाची वाटू लागली.

पट कुठे गेला

या भागावर जरा थांबायला हवे. ‘पट घसरला’ असे एका दमात म्हटले जाते, पण तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी घसरला आहे.

पहिले कारण सर्वांना लागू आहे. मुलेच कमी जन्माला येत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला, लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ च्या आसपास लागतो. हजार-बाराशे वस्तीच्या गावात पूर्वी पहिलीला पंचवीस मुले दाखलपात्र असत, तिथे आता दहा-बारा असली तर त्यात शिक्षकाची चूक नाही आणि गावाचीही नाही.

कोकणात यावर स्थलांतराचा थर चढला आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली: रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. चाकरमानी पूर्वी एकटा मुंबईला जाई आणि बायको-मुले गावी राहत. आता कुटुंब विरार-बदलापूरला असते आणि गावचे घर गणपतीला उघडते. वाडीवर उरतात आजी-आजोबा आणि ज्यांना जाणे जमले नाही ती मोजकी घरे. अशा वाडीतल्या शाळेत सात मुले असतात, ती बहुधा नियमित येतात आणि घरात थोडेबहुत शिक्षण असते.

बीड, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात चित्र उलटे आहे. तिथे मुले आहेत, पण वर्षभर नाहीत. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, धरला जातो तो सप्टेंबरअखेरचा पट, म्हणजे टोळ्या निघण्याआधीचा. कागदावर अठरा मुलांची शाळा डिसेंबरात नऊ मुलांची असते, आणि परत आलेल्या नऊ जणांना एप्रिलमध्ये संकलित चाचणीला बसवले जाते. हंगामी वसतिगृहांनी, म्हणजे आजीकडे राहिलेल्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि अभ्यासाची गावातच सोय करण्याच्या योजनेने, काही मुले रोखून धरली आहेत. जिथे शिक्षकाने ही योजना मनावर घेतली तिथे फरक दिसतो, असे या भागात काम करणारे सांगतात.

सातपुडा, मेळघाट, भामरागड इथली शाळा तिसऱ्या तऱ्हेची. पाडे विखुरलेले, मध्ये ओढे, पावसाळ्यात वाट तुटते. पहिलीत आलेल्या मुलाची घरची भाषा भिली, पावरी, कोरकू किंवा माडिया असते. गुरुजी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले. शाळेतली मराठी दोघांमध्ये उभी राहायला वर्ष-दीड वर्ष जाते, आणि तोवर चाचण्यांच्या दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. अशा शाळेचा पट कमी आहे याचे कारण पाडाच लहान आहे. कोणी सोडून गेलेले नाही. शिवाय त्याच परिसरातली काही मुले आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत असतात आणि जिल्हा परिषदेच्या पटावर ती दिसत नाहीत.

चौथे कारण शहरांलगतच्या आणि बागायती पट्ट्यातल्या गावांना सर्वांत जास्त लागू आहे: इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. सकाळी ती वाडीच्या फाट्यावर येते आणि ज्यांना वर्षाची फी झेपते त्या घरांतली मुले घेऊन जाते. त्यांतही मुलगा आधी गाडीत बसतो, मुलगी गावच्या शाळेत राहते. खासगी शाळांतले मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त असते हे शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. परिणामी गावातल्या सरकारी शाळेत भूमिहीनांची, दलित-आदिवासींची, भटक्या-विमुक्तांची मुले आणि मुली यांचे प्रमाण त्या गावाच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त होते. करोनाच्या काळात हा प्रवाह थोडा उलटा वळला होता. ‘असर’नुसार देशभरात सहा ते चौदा वयोगटातल्या सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, २०२२ मध्ये ७२.९ झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर आले. फी परवडेनाशी झाली तेव्हा पालक सरकारी शाळेत आले आणि परवडू लागली तसे परत गेले. सरकारी शाळेविषयी त्यांचे मत या सहा वर्षांत फारसे बदलले नसावे.

गोव्यातही हाच प्रश्न वेगळ्या रंगात आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा प्रामुख्याने मराठी माध्यमाच्या. गोवेकर पालकांचा ओढा अनुदानित इंग्रजी शाळांकडे गेला आणि अनेक सरकारी शाळांत स्थलांतरित मजुरांची मुले हीच मुख्य पटसंख्या उरली.

निकाल वाचायचा कसा

आता दुसरा तक्ता. चौदा मुलांच्या शाळेत तिसरीत समजा तीन मुले आहेत. त्यांतल्या दोघांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. निकाल ६७ टक्के. पुढच्या वर्षी तिसरीत तीनच मुले, पण एकालाच येतो. निकाल ३३ टक्के. तालुक्याच्या आढावा बैठकीत ही शाळा ‘निम्म्यावर घसरलेली’ म्हणून उभी केली जाते. घडलेले इतकेच असते की एका मुलाच्या जागी दुसरे मूल आले.

संख्याशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या शाळांचे गुण तपासून २००२ मध्ये दाखवले की लहान शाळा गुणवत्तायादीच्या वरच्या टोकाला जास्त सापडतात आणि खालच्या टोकालाही जास्त सापडतात. त्या जास्त चांगल्या किंवा जास्त वाईट असतात म्हणून असे होत नाही. मुले थोडी असली की सरासरी हेलकावे खाते, एवढेच. हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये हाच मुद्दा पुढे नेला: वरचे टोक पाहून अमेरिकेत लहान शाळा काढण्यावर मोठा पैसा ओतला गेला, खालचे टोक कोणी पाहिले नाही. आपल्याकडे नेमकी उलटी गफलत होऊ शकते आणि होतेही.

महाराष्ट्रात दोन्ही टोके वापरली गेली आहेत. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या आणि शाळा ‘शंभर टक्के प्रगत’ झाल्याच्या घोषणांची लाट आली. तीन मुलांच्या वर्गात शंभर टक्के गाठणे आणि चाळीस मुलांच्या वर्गात गाठणे यांत फरक आहे, तो त्या घोषणांत दिसत नव्हता. त्या कार्यक्रमाने शिक्षकांना मूल कुठे अडले आहे ते पाहायची सवय लावली, हे श्रेय मात्र त्याला द्यायला हवे.

गावाची स्वतःची मोजपट्टी निराळीच आहे: शिष्यवृत्तीत किती लागले, नवोदयला कोणी लागले का. दहा वर्षांत एकदा एखादे पोर नवोदयला गेले की त्या शिक्षकाचे नाव पंचक्रोशीत निघते. त्या एका पोरामागे घरची कोणती तयारी होती, हे विचारले जात नाही.

याहून अवघड भाग पटाच्या बदलत्या रचनेचा आहे. गावातली पाच बऱ्या परिस्थितीची घरे मुलांना गाडीत बसवू लागली की उरलेल्या शाळेची सरासरी खाली येते, जरी शिक्षक तेच, शिकवणे तेच आणि एकही मूल पूर्वीपेक्षा कमी शिकलेले नसले तरी. मग घसरलेली सरासरी पाहून आणखी दोन घरे जातात. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सोडत काढून काही मुलांना खासगी शाळांत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देण्याचा प्रयोग अभ्यासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेल्यांची कामगिरी सरकारी शाळेतल्यांइतकीच होती. फरक मुख्यतः हिंदीत पडला, जो विषय सरकारी शाळांत तेव्हा शिकवला जात नव्हता. याचा अर्थ वरवर दिसणाऱ्या तफावतीचा मोठा वाटा घरचा होता. पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली: खासगी शाळा तेवढाच परिणाम सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहून कमी खर्चात साधत होत्या आणि तेलुगू-गणिताला वेळही कमी देत होत्या. दोन्ही पक्ष या अभ्यासाचा आपापल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात.

शिक्षकामागे सहा मुले, हा आकडाही नीट उलगडून पाहावा लागतो. द्विशिक्षकी शाळेत दोघांकडे मिळून चार किंवा पाच इयत्ता असतात. एक जण केंद्रशाळेच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्यासमोर सगळ्या इयत्ता एका खोलीत येतात. मुले बारा असली तरी पहिलीला अक्षरओळख, दुसरीला बेरीज आणि चौथीला परिसर अभ्यास एकाच वेळी चालवायचा असतो. ‘असर २०२४’नुसार देशात साठपेक्षा कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळांचे प्रमाण २०२२ मधल्या ४४ टक्क्यांवरून ५२.१ टक्क्यांवर गेले, आणि अशा शाळांच्या देशात पहिली-दुसरीचे वर्ग इतर इयत्तांबरोबर बसणे हाच आता नेहमीचा प्रकार आहे. एकशिक्षकी शाळा तर युडायस या शाळांच्या राष्ट्रीय माहिती-नोंदीच्या २०२४-२५ च्या अहवालात देशभरात १,०४,१२५ होत्या. त्यांतल्या आठ हजारांवर महाराष्ट्रात.

कोण काय म्हणते

एकत्रीकरणाच्या बाजूचा युक्तिवाद केवळ पैशांचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. वर्गात तीन मुले असतील तर गटकार्य होत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, कोणाशी तुलना करून पुढे जाण्याची ईर्ष्या होत नाही, हा पहिला मुद्दा. सहावीपासून गणित-विज्ञानाला, भाषेला, सामाजिक शास्त्रांना वेगळा शिक्षक लागतो आणि तो लहान शाळेला मिळू शकत नाही, हा दुसरा आणि माझ्या मते सर्वांत भक्कम. ग्रंथालय, प्रयोगसाहित्य, पूर्णवेळ मुख्याध्यापक या गोष्टी दीडशे मुलांच्या शाळेलाच देता येतात, हा तिसरा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हेच चित्र मांडले आहे: २०१६-१७ च्या युडायसनुसार देशातल्या २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसहून कमी मुले होती. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्यातले पानशेत ही समूह शाळेची उदाहरणे म्हणून आयुक्तालयाने पुढे केली. शाळा बंद होणार नाहीत, मुलांना गाडीने चांगल्या शाळेत आणले जाईल, असे शासनाचे म्हणणे होते.

विरोधी बाजूचा आधार कायदा आणि अंतर हा आहे. सहा वर्षांच्या मुलाला पायी पोचता येईल अशी शाळा हा त्याचा हक्क आहे आणि ‘गाडी देऊ’ हे आश्वासन दरवर्षीच्या निविदेवर अवलंबून आहे. गाडी एक महिना बंद पडली तर सर्वांत आधी मुलगी घरी बसते. अंतराचा मुलींवरचा परिणाम हा भावनिक मुद्दा नाही. बिहारमध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्यावर माध्यमिक शाळेतली त्यांची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, असे मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या मुलींसाठी मुद्दाम सुरू कराव्या लागल्या. पाड्यावर शासनाचे म्हणून जे काही रोज उघडते ते शाळा आणि अंगणवाडी, हाही या बाजूचा मुद्दा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची एकाच विद्यार्थ्याची शाळा २०२३ मध्ये बातम्यांत आली तेव्हा समाजमाध्यमांवर हसूही उमटले आणि कौतुकही. कायद्याच्या भाषेत मात्र ती शाळा तिच्या जागी बरोबर होती.

शिक्षक संघटनांची भूमिका या दोन्हींशी काही ठिकाणी जुळते आणि काही ठिकाणी नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे पद मिळणे अवघड झाले. त्याच वर्षी कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एका पदावर निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबरात शिक्षकांनी सामूहिक रजा काढून मोर्चे काढले. संघटना पदे वाचवत आहेत, ही टीका खरी आहे. पद गेले की शाळा वेगळा आदेश न काढताही बंद पडते, हेही तितकेच खरे आहे.

चौथा सूर शिक्षणशास्त्राकडून येतो आणि त्याला व्यासपीठ सर्वांत कमी मिळते. बहुवर्ग अध्यापन ही नाइलाजाची तडजोड न मानता एक पद्धत मानावी, असे तो म्हणतो. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीने खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांवर आणि पायऱ्यांवर आधारलेले साहित्य तयार केले. त्यातून प्रेरणा घेऊन कर्नाटकात ‘नली कली’ आणि तमिळनाडूत कृतियुक्त अध्ययन राज्यभर गेले. तिथे एका खोलीतली मुले इयत्तेने नव्हे, तर आपापल्या पायरीने बसतात. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादाच्या अंगाने शिक्षकांनी केलेले काम आणि पालघरमधल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेचे बालभाषेवरचे काम याच दिशेचे. पण पाठ्यपुस्तक, चाचणी आणि शिक्षक प्रशिक्षण इयत्तेच्या साच्यातच राहिल्यामुळे लहान शाळेचा शिक्षक मोठ्या शाळेचे वेळापत्रक चालवत बसतो.

पट वाढवून दाखवणाऱ्या शाळांचा दाखला या चर्चेत नेहमी येतो: शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी, खेड तालुक्यातले जालिंदरनगर. जालिंदरनगरची शाळा २०२५ मध्ये जागतिक पातळीवरच्या उत्कृष्ट शाळा पुरस्काराच्या अंतिम फेरीत गेली. सरकारी शाळेला मरणपंथ अटळ नाही, हे या शाळांनी सिद्ध केले. पण अशा शाळेत आसपासच्या गावांतून मुले येऊ लागतात, तेव्हा तिचा निकाल आणि तिचा पट पुन्हा एकमेकांत मिसळतात. शेजारच्या वाडीच्या शाळेचा पट त्याच वेळी किती घटला, हाही हिशेब मांडायला हवा.

इतरांनी करून पाहिले ते

राजस्थानने २०१४ मध्ये सुमारे सतरा हजार शाळांचे एकत्रीकरण केले. दिल्लीच्या अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्हने २०१९ मध्ये त्याचा अभ्यास केला तेव्हा एकत्र केलेल्या शाळांत एकूण पट घटलेला आढळला, आणि घट वंचित गटांत जास्त होती. नीती आयोगाच्या साथ-ई कार्यक्रमात मध्य प्रदेश, झारखंड आणि ओडिशा या राज्यांनीही शाळा एकत्र केल्या. उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडण्याचा निर्णय घेतला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि पुढे शासनाने एक किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तिथे जोडणी न करण्याचे जाहीर केले. चीनने २००१ पासून हेच प्रचंड प्रमाणावर केले आणि २०१२ मध्ये तिथल्या राज्य परिषदेने अंतर, अपघात आणि गळतीच्या तक्रारींनंतर त्याला आवर घातला. या सगळ्यांत एक समान धागा दिसतो: अंतर कमी आणि रस्ता चांगला असेल तिथे एकत्रीकरण बरे चालले, आणि नेमके अशाच ठिकाणी त्याची गरज कमी निकडीची होती.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी पोकळी मूलनिहाय पाठपुराव्याची आहे. एक शाळा दुसरीत मिळवली की आदेश, अंतर आणि वाचलेली पदे यांची नोंद राहते. त्या शाळेतली ती नऊ मुले तीन वर्षांनी कुठे आहेत, हे चर्चेत क्वचितच येते. आता प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद आहे, आधार जोडलेला आहे. हे शोधणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाच्या एककाचा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण असो की नंतरचे परख सर्वेक्षण, नमुना जिल्ह्याच्या पातळीचा असतो. एकेका लहान शाळेविषयी ते काही सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही. शाळेच्या पातळीवरचा निकाल वर वर्णन केलेल्या हेलकाव्यांत अडकतो. एका केंद्रशाळेखालच्या आठ-दहा शाळा मिळून तीन वर्षांची एकत्रित सरासरी काढावी आणि मुलाची प्रगती त्याच्या स्वतःच्या मागच्या पायरीशी ताडावी, असे अनेक अभ्यासक सुचवतात. मला यातली दुसरी सूचना जास्त महत्त्वाची वाटते. त्यात पटाची रचना बदलली तरी शिक्षकाचे काम दिसत राहते.

तिसरा प्रश्न कुठल्या वयाची शाळा कुठे असावी हा. पहिली ते चौथी वाडीवर, पाचवीपासून पुढे केंद्रशाळेत, अशी विभागणी कोठारी आयोगाच्या शाळा-संकुलाच्या कल्पनेशीही जुळते आणि समूह शाळेच्या प्रस्तावाशीही. दोन्ही पक्ष इथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. पण पाचवीचा वर्ग प्राथमिक शाळेला जोडायचा की माध्यमिकला, यावर राज्यात इतकी वर्षे ओढाताण चालली आहे की या सोप्या वाटणाऱ्या विभागणीलाही पदांचा आणि संस्थांचा गुंता आहे. बालवाटिकेची, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाची, जागा अंगणवाडीत की शाळेत, हेही पुरते ठरलेले नाही. ती शाळेत आली तर लहान शाळांचा पट एका आदेशाने पाच-सहाने वाढेल.

आणि वीस. कोकणातली सात मुलांची शाळा, बीडमधली सप्टेंबरात अठरा आणि डिसेंबरात नऊ असलेली, सातपुड्यात धडगावच्या पाड्यावरची बारांची, आणि बागायती गावातली गाडीमुळे पंधरावर आलेली, या चारही एकाच रकान्यात बसतात. यांतल्या पहिल्या शाळेला कदाचित गाडी चालेल, दुसरीला वसतिगृह हवे, तिसरीला भाषा जाणणारा शिक्षक, चौथीला पालकांचा विश्वास. कोणत्या तालुक्यात यांपैकी कोणत्या प्रकारच्या शाळा किती आहेत, अशी फोड या वादातल्या कोणत्याच बाजूच्या युक्तिवादात दिसत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गावनिहाय शून्य ते सहा वयोगटातल्या मुलांचे आकडे त्यानंतर हाती येतील, तेव्हा निदान कोणत्या वाडीत मुलेच नाहीत आणि कोणत्या वाडीत ती दुसरीकडे जात आहेत हे वेगळे करता येईल. तोवर संचमान्यता दरवर्षीप्रमाणे सप्टेंबरअखेरच्या पटावर होत राहील.